पुरणपोळीनंतरचे बारा तास

सणाच्या दिवशी दुपारी बाराच्या पंगतीत तुपात न्हालेल्या तीन-चार पुरणपोळ्या खाऊन उठलेल्या माणसाचं रक्त चारच्या सुमाराला काढलं आणि ती नळी प्रयोगशाळेतल्या यंत्रात गरगर फिरवली, तर लाल पेशी तळाशी बसतात आणि वर एक द्रव उरतो. एरवी तो फिकट पिवळा, आरपार दिसणारा असतो. त्या दिवशी तो गढूळ दिसतो, जेवण फारच तुपकट असेल तर चक्क दुधाळ. तो दुधाळपणा म्हणजे पोळीवरचं तूप. चार तासांपूर्वी ते वाटीत होतं, आता अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात बोटांच्या टोकांपर्यंत हिंडतंय. रात्र होता होता हे थेंब एकेक करून उचलले जातात आणि सकाळपर्यंत द्रव पुन्हा नितळ होतो. रक्तातली चरबी तपासायची तर बारा तास काही खाऊ नका, असं सांगण्याची जुनी पद्धत इथूनच आली.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हापासून सणाच्या ताटाकडे बघण्याची माझी नजर बदलली. जड जेवण म्हटलं की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक आग्रहाचा, दुसरा पश्चात्तापाचा. या दोन्हींच्या मधे, पोटाच्या आत, जे चाललेलं असतं ते या दोन्हींपेक्षा कितीतरी विलक्षण आहे. शरीर एका भरपेट जेवणाला घाबरत नाही. त्याला जे जड जातं ते वेगळंच आहे, आणि तिकडे जाण्याआधी त्या पोळीबरोबर आत उतरलं पाहिजे.

सुरुवात तर घास तोंडात जाण्याआधीच होते. इवान पाव्हलॉव्ह म्हटलं की सगळ्यांना कुत्रा आणि लाळ आठवते, पण त्यांना 1904 चं नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी. त्यांनी कुत्र्यांवर अशी शस्त्रक्रिया केली होती की गिळलेला घास जठरात पोहोचण्याआधीच मानेतून बाहेर पडावा. जठर रिकामंच राहायचं, तरी त्यात पाचकरस भरभरून स्रवायचा. चव आणि वास यांच्या नुसत्या वर्दीवर सगळी तयारी सुरू होते. तव्यावर पोळी फुगताना तुपाचा जो वास घरभर पसरतो, तो असा आतपर्यंत पोहोचलेला असतो.

मग घास खाली उतरतो. रिकाम्या जठरात जागा असते जेमतेम 75 मिलिलीटर. पंगतीत आपण त्यात लीटर-दीड लीटर ऐवज घालतो. इतकं भरलं तर आतला दाब चढायला हवा, पण तो फारसा चढतच नाही. गिळण्याच्या क्रियेबरोबरच व्हेगस नावाच्या मज्जातंतूतून निरोप जातो आणि जठराच्या वरच्या भागातले स्नायू घास पोहोचण्याआधीच सैल पडतात. अन्न येत राहतं तसतसे ते आणखी सैल होतात. ज्यांच्यात हे सैल पडणं नीट होत नाही त्यांना चार घासांतच पोटाला तडस लागल्यासारखं होतं. वाग्भटाने अष्टांगहृदयात सांगून ठेवलंय की पोटाचे चार भाग कल्पावेत, दोन अन्नाने भरावेत, एक पातळ पदार्थांनी, आणि चौथा वायूसाठी मोकळा ठेवावा. उभ्या माणसाच्या छातीचा एक्स-रे काढला तर डाव्या बाजूला, पडद्याच्या खाली, जठराच्या माथ्यावर हवेचा एक काळा बुडबुडा बहुतेक वेळा दिसतो. त्यामुळे वाग्भट सिद्ध होतो असं मी म्हणणार नाही. पण तो बुडबुडा मी एक्स-रेवर बघतो तेव्हा मला तो चौथा भाग आठवतो.

खालच्या भागात दळण चालू होतं. मिनिटाला साधारण तीन या वेगाने जठराचे स्नायू लाटांसारखे आकुंचन पावतात आणि अन्न बंद दारावर आपटून माघारी घुसळलं जातं. ते दार म्हणजे जठर आणि आतडं यांच्यामधली वळी. पोळीचे कण एक-दोन मिलिमीटरपेक्षा लहान होईपर्यंत ती त्यांना सहसा पुढे जाऊ देत नाही. आणि कण बारीक झाले तरी सगळं एकदम सोडत नाही. जठर पुढे अन्न सोडतं ते बहुतांशी उष्मांकांच्या हिशोबाने, मिनिटाला साधारण 2 ते 3 किलोकॅलरी. पाणी झरकन जातं, वरणभात त्यामानाने लवकर, तुपाळ पोळी सावकाश. एका ग्रॅम साखरेत 4 किलोकॅलरी असतात, एका ग्रॅम तुपात 9. सणाचं जेवण 1,200 किलोकॅलरींचं झालं असं धरा. अडीचने भागा. आठ तास येतात. दुपारी पुरणावर ताव मारलेल्या माणसाला रात्री ‘आज काही नको, नुसतं ताक दे’ असं का वाटतं, याचं उत्तर या भागाकारात आहे. त्याचं दुपारचं जेवण अजून चालूच असतं.

जठर आत काय करतं हे माणसाला प्रत्यक्ष पाहायला मिळालं ते एका अपघातामुळे. 6 जून 1822 रोजी उत्तर अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अॅलेक्सिस सेंट मार्टिन या फर-व्यापारातल्या तरुण मजुराला अगदी जवळून बंदुकीचा बार लागला. लष्करी डॉक्टर विल्यम बोमंट यांनी त्याला वाचवलं, पण पोटावरची जखम बुजली नाही. कडा जठराच्या भोकाला चिकटून भरल्या आणि बाहेरून थेट जठरात उघडणारी एक खिडकी कायमची राहिली. 1825 पासून बोमंट रेशमी दोऱ्याला मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे बांधून त्या खिडकीतून आत सोडू लागले आणि ठरावीक वेळाने ओढून पाहू लागले. 1833 मध्ये त्यांनी 238 प्रयोगांचं पुस्तक छापलं. तेलकट-तुपकट अन्न पचायला जास्त वेळ घेतं, माणूस चिडलेला असेल तर पचन बिघडतं, लोक गरजेपेक्षा जास्त खातात, अशी निरीक्षणं त्यात आहेत. सेंट मार्टिन गरीब होता, फारसा शिकलेला नव्हता, आणि त्याच्या संमतीला आजच्या अर्थाने संमती म्हणणं अवघड आहे. तो वैतागून एकदा निघूनही गेला. पचनाचं आपलं ज्ञान त्याच्या पोटातून आलंय, म्हणून डॉक्टरांच्या नावाबरोबर त्याचंही नाव घ्यावंसं वाटतं. पोटाला भोक असताना तो 1880 पर्यंत जगला.

आता तूप. आतड्याला कसं कळतं की आलेल्या घासात तूप आहे? आतड्याच्या पहिल्या वीत-सव्वा वीत भागाच्या अस्तरात तुरळक विखुरलेल्या काही पेशी असतात. त्यांचं टोक आतड्याच्या पोकळीत उघडं असतं. चरबीचा स्पर्श झाला की त्या रक्तात कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सोडतात. 1928 मध्ये आयव्ही आणि ओल्डबर्ग या शास्त्रज्ञांनी ते शोधलं. या एका निरोपावर तीन कामं होतात. पित्ताशय आकुंचन पावतं आणि साठवलेलं पित्त आतड्यात ओततं. जठराचं दार आवळलं जातं, कारण आधीचं तूप निस्तरल्याशिवाय पुढचं नको असतं. आणि मेंदूला कळवलं जातं की आता पुरे. जे ‘पोट जड झालंय’ म्हणून आपण सोफ्यावर कलंडतो, ते जडत्व बिघाडाचं लक्षण नसतं. आतड्याने कामाचा वेग स्वतः ठरवून घेतलेला असतो.

यातला मला सर्वांत आवडणारा भाग पित्ताचा आहे. तूप पाण्यात मिसळत नाही. पित्तातले क्षार त्याचे इतके बारीक थेंब करतात की स्वादुपिंडाच्या रसाला ते फोडता यावेत. या क्षारांचा शरीरातला एकूण साठा फक्त दोन ते चार ग्रॅम. एवढ्याशा ऐवजावर पुरणपोळीचं जेवण निभतं, कारण काम झालं की लहान आतड्याचं शेवटचं टोक त्यातला सुमारे 95 टक्के भाग शोषून यकृताकडे परत पाठवतं, यकृत तो पुन्हा पित्तात घालतं, आणि तेच क्षार पुन्हा आतड्यात उतरतात. दिवसातून कितीतरी फेऱ्या.

आणि फोडलेली चरबी जाते कुठे? साखर आणि प्रथिनं आतड्यातून थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत शिरतात. तुपातली बहुतेक चरबी त्या वाटेने जात नाही. 1622 मध्ये इटलीतले गास्पारे असेल्ली एका कुत्र्याच्या पोटाची चिरफाड करत होते. कुत्रा नुकताच जेवला होता. आतड्यावरच्या पातळ पडद्यात त्यांना पांढऱ्या दोऱ्यांसारखं जाळं दिसलं. आधी वाटलं मज्जातंतू असतील. एक टोचली, तर पांढरा, सायीसारखा द्रव बाहेर आला. दुसरा कुत्रा उपाशी होता, त्यात एकही दोरा दिसला नाही. भरपेट खायला घातलेल्या कुत्र्यात ते पुन्हा उमटले. जेवणानंतरच दिसणारं आणि उपाशीपणी नाहीसं होणारं एक अख्खं जाळं, म्हणून ते तोवर नजरेतून निसटत राहिलं होतं. 1627 मध्ये, असेल्लींच्या मृत्यूनंतर, त्यांचं पुस्तक रंगीत चित्रांसह छापलं गेलं. हे जाळं यकृताकडे जातं असं त्यांना वाटलं होतं. पुढे 1651 मध्ये फ्रान्सच्या जाँ पेके यांनी खरी वाट दाखवली. हा पांढरा रस पाठीच्या कण्याजवळून वर चढतो आणि डाव्या खांद्याच्या वर, मानेच्या बुडाशी, रक्तात मिसळतो. म्हणजे पोळीवरचं तूप पोटातून निघून आधी मानेपर्यंत चढतं, तिथून हृदयात जातं, आणि यकृताची पाळी त्यानंतर येते. उकडीच्या मोदकातल्या खोबऱ्याची गंमत थोडी निराळी आहे. खोबऱ्याच्या तेलातल्या मध्यम लांबीच्या साखळीच्या चरबीचा काही भाग साखरेसारखा सरळ यकृताकडे जातो. एकाच ताटातल्या दोन गोडांच्या वाटा अशा वेगळ्या होतात.

इतकी चोख व्यवस्था असताना आपण जास्त खातो कसे? थांबा असं सांगणारे निरोप यायला वेळ लागतो, पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. पण त्याहून मोठं कारण चवीत आहे. 1981 मध्ये बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. काही जणांना एकाच सारणाची सँडविचेस दिली, काहींना चार वेगवेगळ्या सारणांची. चार चवी मिळालेल्यांनी सुमारे एक तृतीयांश जास्त खाल्लं. तृप्ती पोटापुरती नसते, ती चवीचवीची असते. एका चवीचा कंटाळा आला तरी दुसरीची भूक शाबूत असते. आता आपलं ताट आठवा. वर मीठ, लिंबू, डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे भाज्या, मधे वरणभात, मग पोळी, आणि पोळीशेजारी कटाची आमटी. तिसऱ्या पोळीला गोडाने तोंड मिटत येतं, तेवढ्यात आमटीचा एक तिखट-आंबट भुरका घेतला की जीभ पुन्हा कोरी होते आणि चौथी पोळी पानात येते. ही जोडी ज्या कुणा बाईने पहिल्यांदा लावली तिला जिभेची फार खोल जाण होती.

तिने त्याच ताटात लगामही ठेवले होते. डावी बाजू चिमूटचिमूटच वाढायची असते. पंगत संथ चालते. भात संपेपर्यंत पोळी येत नाही, वाढपी फिरून येईपर्यंत थांबावं लागतं, शेवटची वृद्ध मंडळी जेवून होईपर्यंत कुणी उठत नाही. तासाभराच्या त्या बैठकीत आतड्याचे निरोप वर पोहोचायला भरपूर सवड मिळते. लग्नाच्या बुफेत हातात ताटली घेऊन उभ्या उभ्या दहा मिनिटांत तेवढंच खाल्लं जातं आणि निरोप येतो तेव्हा आपण आइस्क्रीमच्या रांगेत असतो. आग्रह मात्र माझ्या मते एका वेळेपुरताच बरा. ‘आणखी अर्धी तरी घे गं’ यात माया आहे, पण समोरच्याने ‘खरंच नको’ म्हटलं की त्याच्या आतड्याचा निरोप आपण त्याच्या तोंडून ऐकलेला असतो.

संध्याकाळी सहा-सातला पोटात गुडगुड सुरू होते, कुणाचं पोट फुगतं. तूप इथे निर्दोष आहे. हरभऱ्याच्या डाळीत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा काही साखरा असतात, ज्या फोडणारं विकरच माणसाच्या लहान आतड्यात नाही. त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि तिथले अब्जावधी जिवाणू त्यांच्यावर तुटून पडतात. त्यातून वायू होतो, आणि त्याचबरोबर ब्युटिरेटसारखी आम्लंही, जी मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन आहेत. या साखरा पाण्यात विरघळतात. डाळ भिजवून ते पाणी टाकलं तर त्यांचा काही भाग निघून जातो. शिजवलेली डाळ निथळली की आणखी काही भाग कटात उतरतो, आणि पुरण तेवढं हलकं होतं. पण कट टाकून कोण देतं? त्याचीच आमटी होते. ज्याला डाळ बाधते त्याने पोळी खावी आणि आमटीचे भुरके मोजके घ्यावेत, ही माझी शिफारस. मन मोडतं, पण पोट राहतं.

जेवणानंतरच्या झोपेविषयीही एक गैरसमज आहे. रक्त पोटाकडे धावतं म्हणून मेंदूला कमी पडतं, असं सांगितलं जातं. पोटाकडे जास्त रक्त जातं हे खरं, पण हृदय त्यासाठी जास्त काम करतं, मेंदूचा वाटा मेंदूला मिळतोच. सुस्तीचा एक भाग आतड्याच्या संप्रेरकांचा, एक भाग रक्तातल्या साखरेचा, कारण मेंदूत जागं ठेवणाऱ्या काही पेशी साखर वाढली की गप्प होतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. आणि उरलेला भाग दुपारचाच. दोन-तीनच्या सुमाराला जेवण न घेताही डोळे मिटायला लागतात.

झोपायचंच असेल तर कुशीला अर्थ आहे. अन्ननलिका जठराला जिथे मिळते तिथला स्नायू चरबीने सैलावतो, म्हणून तुपकट जेवणानंतर आडवं पडलं की आंबट पाणी घशाशी येतं. जठराचा फुगीर भाग डावीकडे असतो. डाव्या कुशीवर झोपलं तर आम्ल तिकडच्या खोलगट भागात साचतं आणि अन्ननलिकेचं तोंड त्याच्या वर राहतं. उजव्या कुशीवर उलट होतं. आम्ल मोजणाऱ्या नळ्या घालून हे तपासलं गेलंय, आणि डाव्या कुशीवर अन्ननलिकेतलं आम्ल लवकर ओसरतं असं आढळलंय. आपल्याकडे वामकुक्षीचा रिवाज कितीतरी आधीपासून आहे. तासभर बसून मग पडलं तर आणखी उत्तम.

शतपावलीचा पुरावा तर थेट आकड्यांत मिळतो. 2016 मध्ये न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी मधुमेह असलेल्या 41 जणांना काही काळ दिवसातून कधीही सलग अर्धा तास चालायला सांगितलं, आणि काही काळ प्रत्येक मोठ्या जेवणानंतर फक्त दहा मिनिटं. एकूण चालणं सारखंच. पण जेवणानंतर चालण्याच्या काळात जेवणानंतरची साखर सरासरी 12 टक्के कमी राहिली, रात्रीच्या जेवणानंतर तर 22 टक्के. चालताना पायांचे स्नायू आकुंचन पावले की त्यांच्या पेशींच्या पृष्ठभागावर साखर आत घेणारी दारं उघडतात, आणि ती उघडण्यासाठी इन्शुलिनच्या हुकमाची वाट बघावी लागत नाही. हळू चाललं तरी चालतं. धावू मात्र नये, जठर अजून दळतंय.

एक जेवण खरंच किती हानी करतं, हे इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात 2020 मध्ये तपासलं गेलं. निरोगी तरुण पुरुषांना एकदा समाधान होईपर्यंत पिझ्झा खायला दिला, आणि दुसऱ्यांदा अगदी आणखी एक घासही जाणार नाही इतका. दुसऱ्या वेळी त्यांनी सरासरी दुप्पट, म्हणजे 3,000 किलोकॅलरींच्या वर खाल्लं. तरी रक्तातली साखर नेहमीच्या जेवणापेक्षा वाढली नाही, चरबी किंचितच वाढली. शरीराने त्यासाठी इन्शुलिन निम्म्याने जास्त सोडलं, हृदयाचे ठोके वाढवले, आणि सगळं सांभाळून नेलं. ज्यांना मधुमेह किंवा हृदयविकार आहे त्यांच्याकडे ही शिल्लक नसते, हे इथेच सांगायला हवं. त्यांनी हा प्रयोग आपल्यासाठी आहे असं समजू नये.

सणाच्या दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर उभं राहून घाबरणाऱ्यांसाठीही एक हिशोब आहे. एक किलो चरबी अंगावर चढायची तर गरजेपेक्षा सुमारे 7,700 किलोकॅलरी जास्त खाव्या लागतात. एका जेवणात ते होत नाही. काट्यावर दिसणारा किलो-दीड किलो बहुतांशी पाणी असतं. जास्तीची साखर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठते, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलं जातं. शिवाय चिवडा-लोणच्यातलं मीठ पाणी धरून ठेवतं. तीन-चार दिवस नेहमीचं खाल्लं की ते आपोआप उतरतं. सणानंतर विकायला येणारी ‘डिटॉक्स’ पेयं हे काम करत नाहीत, ते यकृत आणि मूत्रपिंडं रोज फुकट करतात.

मग जड काय जातं? शरीराला सोसवत नाही ते खंड न पडणं. रिकाम्या पोटात एक काम चालतं जे भरल्या पोटी थांबतं. शेवटचा घास लहान आतड्यातून पुढे गेल्यावर दर दीड-दोन तासांनी जठरापासून एक जोरदार लाट उठते आणि सावकाश लहान आतड्याच्या टोकापर्यंत जाते, वाटेतले उरलेसुरले कण, मेलेल्या पेशी, जिवाणू पुढे लोटत. घर झाडून काढावं तसं. पोटात कावळे ओरडतात म्हणतो, त्या आवाजामागे पुष्कळदा हीच लाट असते. 1969 मध्ये कुत्र्यांच्या आतड्यांवर ती पहिल्यांदा नीट नोंदली गेली, आणि 1977 च्या एका अभ्यासात, ज्यांच्यात ही लाट उठत नव्हती त्यांच्या लहान आतड्यात जिवाणूंची बेसुमार वाढ आढळली. काही खाल्लं, अगदी अर्धी करंजी जरी, की लाट थांबते आणि आतडं पुन्हा पचनाच्या कामाला लागतं.

दिवाळीत नेमकं हेच घडतं. लक्ष्मीपूजनाच्या एका जेवणाने काही होत नाही. पण डबे उघडे असतात. सकाळी चहाबरोबर चार शंकरपाळे, अकराला शेजारच्यांचं ताट, दुपारी जेवण, चारला चिवडा, सहाला पाहुण्यांबरोबर लाडू, रात्री टीव्हीसमोर चकली. पंधरा दिवस पोट जागेपणी रिकामं असं होतच नाही, रक्तातलं तूप नितळण्याआधी पुढचं तूप येऊन मिळतं, आणि 7,700 चा तो आकडा जो एका पंगतीत गाठता येत नाही तो असा तुकड्यातुकड्याने सहज गाठला जातो. फराळ सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. तो ताटलीत वाढून, बसून, एका वेळी खावा, आणि डबा बंद करावा. चकली जेवणाच्या ताटातही तितकीच खमंग लागते.

सावरण्यासाठी मोठं काही करावं लागत नाही. दुपारी पुरण झालं असेल तर रात्री भूक लागली तरच मऊ भात आणि ताक, नाही तर काहीच नाही. रात्री साडेसात-आठनंतर सकाळपर्यंत पोट मोकळं ठेवलं की झाडणाऱ्या लाटांना पुष्कळ फेऱ्या मिळतात. दुसऱ्या दिवशी मुगाची खिचडी, एखादी पालेभाजी, फळ, भरपूर पाणी. आल्याने जठर जरा लवकर रिकामं होतं असं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय, तेव्हा ताकात आलं किसायला हरकत नाही. प्रायश्चित्त म्हणून कडक उपवास करू नये, आणि साबुदाण्याची खिचडी-वडे असतील तर तो उपवासही नव्हे, एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ती हीच. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लंघन करणं धोक्याचं आहे.

काही दुखणी मात्र ‘काल जास्त झालं’ म्हणून अंगावर काढायची नसतात. तुपकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली तासन्‌तास कळ येत असेल तर पित्ताशयात खडे असू शकतात. कळ पोटाच्या वरच्या भागातून पाठीत जात असेल आणि उलट्या थांबत नसतील तर स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते. आणि छातीवर दाब, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, यासाठी सोड्याची पुडी पाण्यात टाकून वाट बघू नये, लगेच रुग्णालय गाठावं. भरपेट जेवणानंतरचा हृदयविकाराचा झटका अॅसिडिटी समजून अनेकांनी मोलाचा तास घालवलाय.

बाकी सगळ्यांसाठी शरीराने आणखी एक सोय करून ठेवली आहे, आणि मला ती सगळ्यांत अद्भुत वाटते. लहान आतड्याच्या आतून लाखो सूक्ष्म बोटांसारखे उंचवटे असतात आणि अन्न शोषणाऱ्या पेशी त्यांच्यावर दाटीने बसलेल्या असतात. उंचवट्यांच्या तळाशी असलेल्या मूळ पेशी सतत नव्या पेशी घडवतात. नव्या पेशी खालून वर सरकत जातात, वाटेत काम करतात, टोकाला पोहोचल्या की गळून पडतात आणि पचनाच्या प्रवाहात मिसळून जातात. हा प्रवास तीन ते पाच दिवसांचा. होळी फाल्गुन पौर्णिमेला, रंगपंचमी त्यानंतर पाच दिवसांनी. होळीच्या दुपारी पोळीवरचं तूप ज्या पेशींनी शोषलं त्यांतल्या बहुतेक तोवर गेलेल्या असतात, आणि रंगपंचमीच्या ताटात जे येईल ते होळीच्या वेळी जन्मालाही न आलेल्या पेशी आत घेतात.